'डूम्ड' म्हणजे नेमके काय?

इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना 'डूम्ड' हा शब्द तुमच्या नजरेस पडला असेल. अमुक योजना 'डूम्ड' होती, तमुक संघ 'डूम्ड टु फेल' होता, अशी वाक्ये त्यात असतात. शब्दकोश उघडला तर अर्थ मिळतो : ज्याचे अपयश किंवा ज्याचा नाश अटळ आहे असा. अर्थ समजला, पण एवढ्याने शब्द वापरता येत नाही. 'फेल्ड' म्हणजे प्रयत्न केला आणि यश आले नाही. 'डूम्ड' म्हणजे कितीही प्रयत्न केला असता तरी यश येणे शक्यच नव्हते. पहिला शब्द घडलेली गोष्ट सांगतो, दुसरा शब्द निवाडा देतो.

'निवाडा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. 'डूम' हा इंग्रजीतील फार जुना शब्द आहे. हजार वर्षांपूर्वी त्याचा उच्चार 'दोम' असा होता आणि अर्थ होता न्यायनिवाडा किंवा कायदा. त्यात वाईट असे काहीच नव्हते. राजाने केलेल्या कायद्यांनाही 'डूम्स' म्हणत. 'किंगडम', 'फ्रीडम', 'विज्डम' या शब्दांच्या शेवटी जो 'डम' ऐकू येतो, तो हाच जुना 'दोम'. ठरवणे, मानणे या अर्थाचे 'डीम' हे क्रियापदही त्याच कुळातले. आपल्याकडे 'डीम्ड युनिव्हर्सिटी' म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार एखाद्या संस्थेला विद्यापीठच मानावे असे ठरवता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला १९६४ मध्ये असा दर्जा मिळाला. म्हणजे 'डीम्ड' आणि 'डूम्ड' ही भावंडेच म्हणायची. एकाच्या वाट्याला मान आला, दुसऱ्याच्या वाट्याला नाश!

हा नाश कोठून आला, ते समजण्यासाठी एका वहीची हकीकत सांगतो. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले. १०८५ च्या नाताळात त्याने साऱ्या राज्याची मोजदाद करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी त्याची माणसे मुलूखभर फिरली. जमीन कोणाची, नांगर किती, पाणचक्क्या किती, कुरणे किती, सगळे लिहून घेतले. आपल्याकडचा सातबाराच म्हणा ना! तेरा हजारांहून अधिक गावांची नोंद त्यात आहे. लोकांनी या दप्तराला 'डूम्सडे बुक' असे नाव दिले. 'डूम्सडे' म्हणजे अखेरच्या निवाड्याचा दिवस, उर्दूत आपण ज्याला कयामतचा दिन म्हणतो तो. सुमारे शंभर वर्षांनी रिचर्ड फिट्झनील या शाही खजिनदाराने या नावाचे कारण लिहून ठेवले. त्या दिवसाच्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसे या वहीतील नोंदीवरही नाही, असे तो सांगतो. ती वही आजही लंडनमध्ये क्यू येथे जपून ठेवलेली आहे.

ज्यावर अपील नाही असा निवाडा, हा अर्थ एकदा पक्का झाला की पुढची वाट उताराची असते. निवाडा म्हणजे शिक्षेचा निवाडा, मग नुसती शिक्षा, आणि शेवटी सर्वनाश. न्यायाधीश गेला, साक्षीपुरावे गेले, नाश तेवढा उरला.

असे इंग्रजीतच घडले असे समजू नका. मराठीतला 'निकाल' घ्या. कोर्टाचा निकाल असतो, परीक्षेचा निकाल असतो. पण 'उंदरांनी माझ्या वह्यांचा निकाल लावला' म्हटले, की वह्यांचे काय झाले ते कोणी वेगळे सांगायला नको. उर्दूतला 'कजा' तर तुम्हांला माहीतच आहे. ज्या अरबी धातूपासून निवाडा देणारा 'काजी' आला, त्यापासूनच 'कजा' आला. आज 'कजा आली' म्हटले की मृत्यू आला असाच अर्थ होतो. गंमत अशी, की राहून गेलेली आणि नंतर अदा केलेली नमाज, तीही 'कजा'च. याच कुळातला एक शब्द मराठीत येऊन 'कज्जा' झाला; त्याचा अर्थ भांडणतंटा. तीन भाषांनी निवाड्याचे शब्द घेतले आणि तिघींनी ते थोडेफार एकाच वाटेने नेले.

आता वापराकडे वळू. या शब्दासोबत अनेकदा जे नाव येते, ते 'टायटॅनिक' जहाजाचे. हे जहाज १० एप्रिल १९१२ रोजी इंग्लंडमधील साउथँप्टन बंदरातून निघाले. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर घासले आणि २ तास ४० मिनिटांनी बुडाले. सुमारे १५०० माणसे मृत्युमुखी पडली. इंग्रजी लेखक सहजपणे लिहून जातात, की 'डूम्ड' जहाज साउथँप्टनहून निघाले. हे वाक्य कानाला गोड लागते. माझ्या मते मात्र ते चूक आहे.

कारण पाहा. जहाजाच्या पोटात १६ कप्पे होते. पुढचे चार कप्पे पाण्याने भरले तरी जहाज तरंगत राहील, अशी त्याची रचना होती. टक्कर झाल्यावर चारांपेक्षा अधिक कप्प्यांत पाणी शिरले. जहाजाचा आराखडा करणारे थॉमस अँड्रूज जहाजावरच होते. त्यांनी खाली उतरून पाहणी केली आणि कप्तानाला सांगितले, की आता जहाज वाचणार नाही. त्या घटकेपासून जहाज 'डूम्ड' होते. येथे हा शब्द अगदी चपखल बसतो, कारण तपासणी झाली, हिशेब झाला आणि मग निवाडा झाला.

पण त्याच्या आधी? पुढे बर्फ आहे, असे बिनतारी संदेश त्या दिवशी आले होते. तरीही जहाजाचा वेग कमी केला नव्हता. तोपर्यंत सारे काही टाळता येण्याजोगे होते. आणि प्रवासी? जहाजावर सुमारे २२०० माणसे होती, तर २० होड्यांत मिळून जागा होत्या ११७८. सरकारी नियम जुनाट होता आणि त्या नियमापेक्षा टायटॅनिकवर होड्या जास्तच होत्या! मग निदान ११७८ तरी वाचावेत? वाचले सुमारे ७००. एक होडी ४० माणसांची होती; ती १२ माणसे घेऊन पाण्यात उतरली. जहाज बुडणारच होते हे खरे; पण होड्यांतल्या चारशेहून अधिक जागा रिकाम्या राहाव्यात, हे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. 'जहाजच डूम्ड होते' असे म्हटले, की वेग कोणी कमी केला नाही, होड्या अर्ध्या रिकाम्या का सोडल्या, हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. म्हणून हा शब्द दिसला की मी दोन गोष्टी पाहतो : कोण डूम्ड, आणि केव्हापासून.

माणसांबद्दल हा शब्द वापरताना तर हात आखडताच घ्यावा. 'उर्दू माध्यमाची मुले मराठीत आणि इंग्रजीत नापास व्हायचीच', असे बोलणारे भेटतात. हा निवाडा आहे, पण येथे तपासणी कोणी केली? उत्तरपत्रिका अजून कोरी आहे. नापास झालेला मुलगा 'फेल्ड' असतो. तो पुन्हा परीक्षेला बसतो आणि पास होतो, तेव्हा 'डूम्ड' म्हणणाऱ्याचेच वाक्य खोटे पडते.

मराठीत या शब्दासाठी 'अटळ' हा शब्द बरा. न टळणारे ते अटळ. येथे उर्दू बोलणाऱ्यांनी थोडे जपावे. उर्दूत 'अटल इरादा' म्हणतात. मराठीत मात्र 'ठाम निर्धार' म्हणावे. श्रद्धा असेल तर ती 'अढळ' असते. अटळ आणि अढळ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि परीक्षेत त्याचे गुण जातात. 'नशिबी अपयश होते' असेही म्हणता येते. पण त्यात नशीब येते, इंग्रजी शब्दात ते येतेच असे नाही. संकटातला माणूस अधिकच संकटात जातो, तेव्हा 'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण वापरतात. ती जवळची आहे, तरी अगदी तीच नव्हे.

आणखी एक फरक. इंग्रजीत नुसते 'डूम्ड' म्हटले तरी भागते. मराठीत काय अटळ आहे, ते सांगावे लागते : बुडणे अटळ, पराभव अटळ, मरण अटळ. ते सांगताना आपोआप विचार करावा लागतो, हा मराठीचा फायदाच समजा. आता हे वाक्य वहीत मराठीत लिहून पाहा : 'द शिप वॉज डूम्ड, बट मेनी ऑफ द पॅसेंजर्स वेअर नॉट.' जहाजासाठी जो शब्द घ्याल, तोच प्रवाशांना चालतो का, तेही तपासा.