एका नावाचे दोन धनी

मी पेडगावचा म्हटलं की लोक हसून विचारतात, ‘वेड पांघरून आलात का?’ म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. आमचं परभणीजवळचं. शिवाय गावात माझ्याच नावाचे आणखी दोघं. पोस्टमन वडिलांचं नाव विचारल्याखेरीज पत्र हातात देत नाही.

महाभारतात असे नामबंधू पुष्कळ आहेत. शंतनू आणि सत्यवतीचा थोरला मुलगा चित्रांगद. भीष्मांनी त्याला गादीवर बसवलं. त्याच नावाचा एक गंधर्वराजा होता. त्याला हे सोसवलं नाही. काही पाठांत तो बजावतो, दुसरं नाव घे, नाहीतर लढ. कुरुक्षेत्रावर, सरस्वतीकाठी तीन वर्षं युद्ध झालं आणि मायावी गंधर्वानं राजाला मारलं. गादी धाकट्या विचित्रवीर्याकडे गेली. तो निपुत्रिक वारला, म्हणून व्यासांना बोलावावं लागलं. मग धृतराष्ट्र आणि पांडू जन्मले. म्हणजे कौरव-पांडवांच्या भाऊबंदकीआधी एक भांडण निव्वळ नावाचं होतं. आणि आज? ‘चित्रांगदा’ म्हटलं की अर्जुनाची पत्नी, बभ्रुवाहनाची आई आठवते. नावासाठी लढलेले ते दोघंही विस्मरणात गेले.

ग्रीकांच्या ‘इलियड’मध्येही दोन अजॅक्स आहेत. एक टेलामॉनचा मुलगा, थोरला. दुसरा ऑइलियसचा, धाकटा. तिथंही आमच्या पोस्टमनसारखी बापाच्या नावानं ओळख पटते. हे दोघं मात्र नावावरून भांडत नाहीत, खांद्याला खांदा लावून लढतात.

पण ज्याच्या बापाचं नाव कुणी विचारत नाही, त्याचं काय?

जन्मताच घोड्यासारखा खिंकाळला म्हणून द्रोणपुत्राचं नाव अश्वत्थामा पडलं. तेच नाव मालवराज इंद्रवर्म्याच्या हत्तीचं होतं. युद्धाच्या पंधराव्या दिवशी भीमानं त्या हत्तीला मारलं आणि ‘अश्वत्थामा मेला’ अशी आरोळी ठोकली. द्रोणांनी युधिष्ठिराला विचारलं. त्यानं ‘हत्ती’ हा शब्द तेवढा हळू उच्चारला. द्रोणांनी शस्त्र ठेवलं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. आपण अजून ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो, धर्मराजाच्या अर्धसत्याची चर्चा करतो. हत्तीबद्दल कुणी हळहळत नाही. तो ना कुणाचा शत्रू, ना कुणाच्या वाटेत. त्याचा गुन्हा एकच, नाव.

हे वाचल्यापासून एक नेम केला आहे. दुसऱ्याचं पत्र चुकून माझ्याकडे आलं, तर ते मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देतो.