मूल डोक्यावर पडले तर

मूल पडले नाही असे घर नाही. पाळण्यातून, ओट्यावरून, पेरूच्या झाडावरून पोरे पडायचीच. डोक्याला टेंगूळ येते, आई हळदीचा लेप लावते, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते आणि अर्ध्या तासात तेच पोर पुन्हा झाडावर! बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. क्वचित ती इथे सुरू होते.

आमच्या शेजारचा सहा वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला. रडला, पाणी प्यायला, खेळायला लागला. "थोडक्यात वाचला," असे आम्ही सगळेच म्हणालो. संध्याकाळी डोके दुखू लागले, तो तीनदा ओकला आणि मग असा गुंगला की हाका मारल्या तरी डोळे उघडेना. आजोबांनी सकाळची वाट पाहिली नाही, म्हणून तो वाचला. रात्रीच शस्त्रक्रिया झाली.

हे होते कसे? कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त साचत जाते. पण कवटी काही रबराची नाही, ती ताणत नाही. शेवटी दाब मेंदूवर येतो. तोवर काही तास मूल अगदी हुशार दिसू शकते. हा मधला बरेपणाच माणसाला फसवतो.

तेव्हा खुणा ध्यानात ठेवा. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले, आकडी आली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत चालली, बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, हातपाय लुळा पडला, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकाकानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव आला, किंवा मूल नीट जागेच होईना, तर तडक इस्पितळ गाठावे. तान्ह्या बाळाची टाळू फुगली वा रडे थांबेना, तरी तेच. वर्षाच्या आतले मूल डोक्यावर आपटले, किंवा दोन वर्षांच्या आतले तीन फुटांहून व मोठे पाच फुटांहून अधिक उंचीवरून पडले, तर खूण नसली तरी डॉक्टरांना दाखवावे.

महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट मिळते. ती येईपर्यंत मान हलवू नये, उगाच उचलाउचल करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरावे. पण हाड खचलेले वाटले तर तिथे दाब देऊ नये. कानात कापूस कोंबू नये. आकडीत कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे हे तर मुळीच नको. खायला-प्यायलाही काही देऊ नये. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे बरे.

"झोपू देऊ नका," असे वडीलधारी माणसे सांगतात. यापैकी एकही खूण नसेल, तर नेहमीच्या वेळी मुलाला खुशाल झोपू द्यावे. मात्र पहिल्या रात्री एकदोनदा उठवून पाहावे. आईला ओळखते ना, धड बोलते ना? दोन दिवस असे लक्ष ठेवावे.

आणि इस्पितळात नेले, डॉक्टर म्हणाले, "काही नाही, घरी न्या," तर फेरी फुकट गेली असे समजू नका. हे दोन शब्द ऐकण्यासाठीच तर आपण जातो.