पगार कामाचा कीं मताचा ?

सकाळीं आठच्या सुमारास विलेपार्ल्याच्या स्थानकावर उभें राहिलें असतां आपल्या मध्यम वर्गाचें एक बोलकें चित्र दृष्टीस पडतें. खांद्याला पिशवी, पिशवींत डबा आणि डोळा घड्याळावर, अशीं शेंकडों माणसें गाडीची वाट पाहत असतात. पार्लें हें फार दिवसांपासून चाकरमान्यांचें गांव. तरीही याच गांवानें लोकमान्यांच्या स्मृतीखातर १९२१ सालीं टिळक विद्यालय काढिलें, १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापिला, आणि १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाची छावणीही येथेंच पडली. जमनालाल बजाज व किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखे पुढारी तींत होते. ज्या गांवाचा चरितार्थ नोकरीवर, त्याच्याच दारांत कायदेभंग येऊन उभा राहिला, तेव्हां घरोघरच्या वडिलधार्‍यांच्या मनाची काय ओढाताण झाली असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

"अरे, काय वाटतें तें घरांत बोल, कचेरींत तोंड उघडूं नकोस," हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो भेकडपणाचा म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. एका पगारावर आठ पानें वाढलीं जातात, आणि तो बंद झाला तर कोणाचें शिक्षण, कोणाचें औषध अडतें, हें घर चालविणारासच ठाऊक. परंतु असा उपदेश करावा लागतो, ही स्थिति चांगली कीं वाईट ? नोकराच्या राजकीय मतांबद्दल त्याच्या नोकरीवर गदा यावी काय ? या प्रश्नाचा आज आम्ही थोडा विचार करणार आहों.

प्रश्न नवा नाहीं. न्यायमूर्ति रानडे हे सरकारचे नोकर. पुण्यास सबजज्ज असतां सार्वजनिक सभेच्या कार्यामागें त्यांचें डोकें आहे, हें सरकारास ठाऊक होतें. १८७८ सालीं त्यांची नाशिकास व १८७९ सालीं, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत, धुळ्यास बदली झाली. धुळ्यास त्यांचें टपाल फोडून पाहिलें जात असे, हें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, संशय त्यांच्या न्यायदानावर नव्हता. पुण्यांतील त्यांच्या वजनावर होता. ज्यांचें टपाल फोडलें, त्यांसच १८९३ सालीं मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयांत बसविण्यांत आलें ! मतांवरून माणसाची पारख करूं जाणारा स्वतःच कसा फसतो, याचें याहून बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

परकी राज्य गेल्यावर हें सर्व पालटेल, अशी अपेक्षा होती. ती कांहीं अंशीं पुरी झाली, कांहीं अंशीं नाहीं. कांहीं रेल्वे नोकरांस साम्यवादी कारवायांच्या संशयावरून, १९४९ सालच्या सुरक्षिततेच्या नियमांखालीं, कामावरून दूर करण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं सरकारचा निर्णय कायम केला. त्याचा मथितार्थ असा : मत बाळगण्यास तुम्ही मोकळे आहांत, पण सरकारी नोकरींत राहण्याचा मूलभूत हक्क तुम्हांस नाहीं. पुढें मुंबईच्या अकौंटंट जनरलच्या कचेरींतील नोकरसंघाच्या चिटणीसांचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. १९६२ सालच्या त्या निकालानें नोकरांचा संघटनेचा व शांततेनें निदर्शनें करण्याचा हक्क मान्य झाला. संपाचा मात्र झाला नाहीं. मध्य प्रदेशांतील एका शिक्षकास संघ व जनसंघ यांच्या कार्यांत पूर्वीं भाग घेतल्यावरून काढलें होतें. १९८३ सालीं न्यायालयानें सरकारचें अपील फेटाळलें आणि असल्या कारणानें पोलिसांच्या अहवालावरून माणसाची भाकर हिरावणें घटनेस धरून नाहीं, असें ठरविलें. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यांत केंद्र सरकारच्या नोकरांनीं भाग घेऊं नये, असा हुकूम १९६६ सालीं निघाला होता. तो २०२४ च्या जुलईंत मागें घेण्यांत आला.

वाचकांनीं या यादीकडे नीट पाहावें. येथें लाल झेंड्याचे आहेत, भगव्या झेंड्याचे आहेत, आणि केवळ पगारवाढीसाठीं भांडणारेही आहेत. दंडा तोच, पाठ मात्र निराळी. आज ज्याच्या हातीं दंडा आहे, त्याच्या पाठीवर तो उद्यां पडणार नाहीं, अशी हमी कोणींही देऊं नये.

याच संदर्भांत एकत्र कुटुंबांनीं एक नियम माहीत करून घ्यावा. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं वर्तणुकीचे नियम झाले. त्यांअन्वयें नोकरास मत देतां येतें. पक्षाचें सभासद होतां येत नाहीं. येथवर ठीक. परंतु घरांतील कोणी सरकार उलथण्याकडे झुकणार्‍या चळवळींत पडत असेल, तर त्यास आवरण्याचा प्रयत्न नोकरानें करावा, आणि तें न साधल्यास तसें सरकारास कळवावें, असेंही त्यांत आहे. म्हणजे थोरल्या भावानें धाकट्याची वर्दी द्यावयाची ! अशा चळवळीचें लक्षण कोणीं ठरवावें, हा प्रश्न आहेच. पण ज्या घरांत एकानें दुसर्‍यावर पाळत ठेवावयाची, तें घर घर राहील काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

सरकारी नोकरास निदान घटनेचा आधार आहे. खाजगी नोकरास तोही फारसा नाहीं, कारण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारास बांधतात. १९५८ सालच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या करारांत, राजकीय मतांवरून नोकरींत भेदभाव करूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे. हिंदुस्थाननें तो १९६० सालीं मान्यही केला. परंतु खाजगी मालकास नेमकें हेंच बंधन घालणारा कायदा देशांत झालेला नाहीं. पार्ल्याहून फार दूर नसलेल्या विद्याविहार येथील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेस २०२४ च्या मे महिन्यांत कामावरून काढण्यांत आलें. पश्चिम आशियांतील युद्धाविषयींच्या समाजमाध्यमांवरील कांहीं मजकुरांस त्यांनीं पसंती दर्शविली होती. व्यवस्थापकांनीं प्रथम राजीनामा मागितला, तो त्यांनीं नाकारला. मग बडतर्फी आली. बारा वर्षें शाळेंत, त्यांपैकीं सात मुख्याध्यापिका म्हणून, काढल्यावर हा प्रसंग आला. संस्थेचें म्हणणें, हें वर्तन आपल्या तत्त्वांशीं विसंगत होतें. बाईंचें म्हणणें, ही कारवाई बेकायदा व राजकीय हेतूची होती.

त्या मजकुरांशीं आम्ही सहमत आहों कीं नाहीं, हा येथें मुद्दा नाहीं. मालकाची बाजूही आम्ही उडवून लावीत नाहीं. पालक विश्वासानें मूल शाळेंत धाडतात. संस्थेचें नांव पिढीच्या कष्टानें उभें राहतें, तें एका दिवसांत डागाळूं शकतें. न्यायाधीश व पोलीस यांनीं तर उघड पक्ष घेऊंच नये, कारण त्यांच्यापुढें येणारास न्यायाची खात्री वाटली पाहिजे. जो उघडपणें एखाद्या जातीचा वा धर्माचा द्वेष पसरवितो, अथवा हिंसेस चिथावणी देतो, त्यासही मताची ढाल पुढें करतां येणार नाहीं.

तथापि संशय वेगळा आणि अपराध वेगळा. आमच्या मतें प्रत्येक मालकानें तीन प्रश्न स्वतःस विचारावे. या मतामुळें त्या माणसाच्या कामांत पक्षपात अथवा हयगय झाली आहे काय ? झाली असल्यास, त्याचें म्हणणें ऐकून रीतसर चौकशी केली काय ? आणि नेमकें उलट मत कोणी याच रीतीनें बोलून दाखविलें असतें, तर त्यासही आपण हीच शिक्षा दिली असती काय ? तिसर्‍या प्रश्नाशीं जो अडखळेल, त्यानें समजावें कीं आपण शिस्त राखीत नसून सूड उगवीत आहों. वर्गांत बाईंनीं कोणा मुलास त्याच्या धर्मावरून दुखविलें असेल तर तें सिद्ध करावें. शाळेबाहेर त्यांनीं काय वाचलें व काय आवडून घेतलें, हा पगाराच्या हिशेबाचा भाग नव्हे. मालक आठ तासांचें काम विकत घेतो. उरलेल्या सोळा तासांतील माणूस त्यानें विकत घेतलेला नाहीं.

कायदा येईल तेव्हां येवो. पण सहिष्णुतेची पहिली शाळा आपलेंच घर आहे. कित्येक घरांत काका एका पक्षाचे, पुतण्या दुसर्‍याचा, आणि सूनबाई दोघांसही हंसणारी, असे सारे एकाच पंक्तीस बसतात. वाद कडाक्याचा होतो. पण म्हणून कोणाच्या पानांतली पोळी कोणी काढून घेत नाहीं. विरोधी मताच्या परक्या माणसाची नोकरी गेल्याचें वर्तमान वाचून मात्र आपल्याच घरांत समाधानाचा उद्गार निघतो. तो निघतांना एवढें आठवावें कीं, त्याच्याही घरीं कोणी आई पानें वाढून वाट पाहत आहे.