ना चढ, ना पायऱ्या : जबलपूरच्या तळ्याकाठची भटकंती

जबलपूरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचे, हे ठरलेलेच असते. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, मग धुवांधार, चौसष्ट योगिनींचे देऊळ आणि येताना मदनमहाल. बेत छानच, पण चौसष्ट योगिनींना शंभरावर पायऱ्या आणि मदनमहालाला टेकडी. त्यामुळे घरातले एक माणूस हमखास खालीच बसते, सगळ्यांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. कधी ती गुडघे धरलेली आजी असते, कधी सातवा महिना लागलेली सून, तर कधी नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झालेले काका. "तुम्ही जाऊन या, मी इथे बरी आहे," हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणते की शेवटी तिला कुणी विचारतही नाही.

खरे तर अशा माणसांना फिरवण्यासाठी या शहरासारखे शहर नाही. याचे श्रेय जाते गढा-मंडलाच्या गोंड राजांना.

राणीचे तळे, दासीचे तळे

मदनमहालच्या टेकड्या म्हणजे उघडे काळेकरडे खडक. पावसाचे पाणी त्यांवरून भरभर खाली वाहून जाते. ते खालच्या सखल जागी अडवून गोंडांनी तळी केली. तळे आले की बांध आला, आणि बांध म्हणजे आयती सपाट वाट. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा संग्रामशहाने संग्रामसागर बांधला. त्याची सून राणी दुर्गावती, जी 24 जून 1564 रोजी मोगल सरदार असफखानाशी लढताना धारातीर्थी पडली, तिच्या नावाने राणीताल ओळखला जातो. तिच्या दासीचा चेरीताल, दिवाण अधारसिंहाचा अधारताल. राणी, दासी आणि दिवाण अशा तिघांची तळी एकाच गावात, ही गोष्ट जबलपूरची मुले आजीच्या मांडीवर ऐकतात.

शहरात बावन्न ताल होते असे जुने लोक सांगतात. आज रिक्षावाल्याला "चेरीताल" म्हटले तर तो तुम्हाला वस्तीत नेऊन सोडतो. फूटाताल, श्रीनाथ की तलैया हीदेखील आता मोहल्ल्यांचीच नावे आहेत. तळे बुजले की केवळ पाणी जात नाही. काठची सावली जाते, संध्याकाळी चार बायका गप्पा मारत चालतील अशी जागा जाते, आणि मग डॉक्टरांनी "रोज चाला" सांगितले की चालायचे कुठे, तर स्कूटरच्या गर्दीतून! पुढच्या तळ्यावर भर पडू लागली तर त्या मोहल्ल्यातल्या सासवा-सुनांनी आधी आवाज उठवायला हवा, कारण वाट त्यांचीच जाणार आहे.

सुरुवात भंवरतालपासून

बुजलेल्या सगळ्याच तळ्यांवर घरे उभी राहिली नाहीत. भंवरतालच्या जागी शहराच्या ऐन मध्यावर बाग आहे. ज्यांना बऱ्याच दिवसांनी चालायला सुरुवात करायची आहे त्यांनी इथूनच करावी. वाट सपाट आहे, झाडे मोठी आहेत आणि दमले की टेकायला जागा मिळते. याच बागेतल्या मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या, झाडाखाली 21 मार्च 1953 रोजी आपल्याला बोध झाल्याचे ओशो रजनीश सांगत. बकुळीखाली बसून कुणाला काय मिळेल ते सांगता येत नाही, पण एखादी फेरी मारून बसले तर धाप मात्र नक्की खाली बसते. शेजारीच राणी दुर्गावती संग्रहालय आहे. चालून झाल्यावर नातवंडांना तिथली कलचुरी काळातली शिल्पे दाखवता येतात.

गढा भागातल्या गुलौआ तालाचा काठही फेरफटक्यासाठी बांधून काढलेला आहे. तिथे पाणी बाजूला ठेवून चालण्याची मजा मिळते. संग्रामसागर आणि त्याच्या काठचे बाजनामठाचे भैरवाचे देऊळ एखाद्या रविवारी पाहावे. हनुमानताल मात्र चालण्याच्या यादीत नको. देवळांनी वेढलेले ते तळे सुंदर आहे, पण भोवती दाट वस्ती आणि वर्दळ. तिथे घाटावर बसावे, पाणी पाहावे आणि परतावे.

खंदारीच्या जंगलात

सवय झाली की डुमना. विमानतळाच्या रस्त्यावर, शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर महानगरपालिकेचे हे राखीव जंगल आहे, सुमारे 1058 हेक्टरचे. त्याच्या पोटात खंदारी जलाशय आहे. इंग्रजांनी 1883 मध्ये शहराला पाणी पुरवण्यासाठी हा बांध घातला. आज आपण शांतपणे चालू शकतो अशी झाडी पालिकेच्या हद्दीत शिल्लक राहिली त्यामागे हे जुने पाणीच आहे.

इथे चितळांचे कळप वाटेच्या अगदी जवळ चरताना दिसतात. मोर, रानडुक्कर, कोल्हेही आहेत. मुलांना प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यापेक्षा हे पाहणे कितीतरी आवडते, आणि आजीलाही, कारण इथे तिला मागे बसून राहावे लागत नाही. पण काही गोष्टी घरातून निघण्यापूर्वीच सर्वांना बजावून ठेवा. खंदारीत मगरी आहेत, तेव्हा पाय बुडवायला पाण्याच्या कडेला कुणीही उतरायचे नाही. या परिसरात बिबट्याचाही वावर आहे. म्हणून वाट सोडून झुडपांत शिरायचे नाही, लहान मुलाला पुढे एकटे धावू द्यायचे नाही, आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी परत फिरायचे. चितळांना पोळी-बिस्किटे देणे म्हणजे माया नव्हे. प्राणी माणसांना सोकावतात आणि त्यांची पोटे बिघडतात.

किती चालायचे?

हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी दहा हजार पावले असतात. हा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावले मोजणारे असा होता. 2019 साली अमेरिकेत सरासरी 72 वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज सुमारे 4400 पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण 2700 पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. म्हणजे टेकडी न चढणाऱ्यांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मध्यम वेगाने आठवड्याला दीडशे मिनिटे पुरेत. मध्यम वेग ओळखायची साधी खूण अशी : चालताना मैत्रिणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे. हृदयरोग, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. चपलेऐवजी मागून बंद असलेले, मऊ तळव्याचे बूट घ्या. साडीवर बूट कसे दिसतील याची चिंता पहिल्या आठवड्यातच संपते.

वेळेचेही पाहावे लागते. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधी घरी परतलेले बरे. पावसाळ्यात फरशीच्या वाटा शेवाळतात, काठी सोबत असू द्या. सगळ्यात सुख असते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच दिवसांत नागपूरचे नातेवाईक सुट्टीला येतात. तेव्हा एक सकाळ भेडाघाटातून काढून डुमनासाठी ठेवा. डबा, पाणी घ्या, आणि कचरा परत आणायला एक कापडी पिशवीही. या वेळी ती पिशवी आजीच्या हाती देऊ नका.