प्रश्न, बक्षिसें आणि नियम

अमेरिकेंतील जुन्या टेलिव्हिजन-खेळांचे शौकीन एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्यांत नटनट्यांच्या आठवणी फारशा निघत नाहींत. निघतात ते नियम. अमक्या खेळांत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत कीं नाहीं, तमक्या खेळांत हरलेल्या माणसाला मिळालेले पैसे घरीं नेतां येत कीं नव्हते, स्वर विकत घ्यावयास किती डॉलर पडत,— अशा बाबींवर सत्तरी उलटलेले गृहस्थ एखाद्या वकिलाच्या तडफेनें भांडतात. बाहेरच्या माणसाला याचें हंसूं येतें. परंतु या भांडणाला कारण आहे. त्या काळीं चित्रफिती महाग होत्या, आणि एकदां दाखविलेला खेळ पुन्हां कोणी पाहील अशी कल्पनाच कोणाला नव्हती. म्हणून कंपन्या जुनी फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम चढवीत. 'जेपर्डी' हा खेळ १९६४ पासून १९७५ पर्यंत एन्. बी. सी.वर चालला, पण त्या अकरा वर्षांतील अगदीं थोडे प्रयोग आज शिल्लक आहेत. फळा पुसल्यावर त्याच्यावर काय लिहिलें होतें हें वर्गांतील मुलांच्या स्मरणावरच राहतें. तसाच हा प्रकार आहे.

या खेळांत सर्वांत साधा हिशोब 'व्हॉट्स माय लाइन' याचा. २ फेब्रुवारी १९५० रोजीं तो सी. बी. एस्.वर सुरू झाला व १९६७ पर्यंत टिकला. पाहुणा येऊन फळ्यावर आपलें नांव लिही, आणि त्याचा धंदा कोणता तें चार पंचांनीं प्रश्न विचारून ओळखावयाचें. प्रश्न असा हवा कीं त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच यावें. प्रत्येक 'नाहीं'ला पाहुण्यास पांच डॉलर. दहा वेळां 'नाहीं' आलें कीं पाहुणा जिंकला. म्हणजे सारें मिळून बक्षीस पन्नास डॉलरांचें. एखादी नामांकित व्यक्ति यावयाची असली म्हणजे पंचांचे डोळे बांधीत, आणि पाहुणा आवाज बदलून उत्तरें देई. गंमत ओळखण्यांत होती, रकमेंत नव्हती. आणि ती गंमत सतरा वर्षें लोकांस पुरली.

मोठ्या रकमेच्या खेळाचें मूळ रेडिओंत आहे. १९४० सालीं 'टेक इट ऑर लीव्ह इट' हा कार्यक्रम निघाला. पहिल्या बरोबर उत्तरास एक डॉलर, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस व शेवटीं चौसष्ट. दर पायरीवर थांबून रक्कम घ्यावी, नाहीं तर ती पणाला लावून पुढें जावें. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, असे दाणे मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपल्याकडे मुलांनासुद्धां ठाऊक असते. तीच ही भूमितिश्रेणी. ७ जून १९५५ रोजीं सी. बी. एस्.नें हा खेळ टेलिव्हिजनवर आणला आणि शेवटच्या रकमेला तीन शून्यें जोडून त्याचें नांव 'चौसष्ट हजार डॉलरांचा प्रश्न' असें ठेवलें. आरंभ चौसष्टांवर, पुढें १२८, २५६, ५१२, आणि नंतर १०२४ न होतां एकदम १०००. (गणिताच्या शिक्षकाला हें खटकेल, पण गोल आंकडा कानाला बरा लागतो.) चार हजारांनंतर आठवड्यास एकच प्रश्न विचारीत. त्यामुळें मनुष्याला सात दिवस विचार करावयास सांपडे, आणि देशाला सात दिवस त्याच्याविषयीं बोलावयास. मोठ्या रकमांच्या प्रश्नांच्या वेळीं उत्तर देणाऱ्यास आवाजबंद कोठडींत उभें करीत. प्रश्न बँकेच्या तिजोरींतून पहाऱ्यांत आणलेले असत. आठ हजार पदरीं पडल्यावर जो चुके त्याला समाधान म्हणून नवी कॅडिलॅक मोटार मिळे. हरण्याचें बक्षीस मोटार, ही गोष्ट त्या काळचे प्रेक्षक अजून विसरलेले नाहींत.

लोकांस विशेष भुरळ पडली ती माणूस व विषय यांच्या विजोड जोडीची. पहिले चौसष्ट हजार १९५५ च्या सप्टेंबरांत रिचर्ड मॅकचन यांनीं मिळविले. ते नौसैनिक दलांतील कप्तान, आणि त्यांचा विषय पाककला. त्याच वर्षअखेर जॉइस ब्रदर्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं मुष्टियुद्धावरील प्रश्नांचीं उत्तरें देऊन तेवढीच रक्कम नेली. कार्यक्रमाचा खर्च सोसणाऱ्या रेव्हलॉन कंपनीचा सौंदर्यप्रसाधनांचा खप इतका वाढला कीं इतर कंपन्यांनाही असाच खेळ हवासा झाला. पायऱ्या चढत जाण्याची ही युक्ति पुढें फार लांब गेली. १९९८ सालीं इंग्लंडांत 'हू वाँट्स टु बी अ मिल्यनेर' निघाला; त्याचाच भारतीय अवतार 'कौन बनेगा करोडपति' ३ जुलै २००० रोजीं सुरू झाला, आणि त्याच वर्षीं मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले एक कोटीचे मानकरी झाले. त्या रात्रीं महाराष्ट्रांतील घरोघर जो गलका झाला असेल त्यावरून १९५५ सालच्या अमेरिकेची कल्पना करतां येईल.

रेव्हलॉनचें यश पाहून जे खेळ निघाले त्यांत 'ट्वेंटी-वन' प्रमुख. १२ सप्टेंबर १९५६ रोजीं तो एन्. बी. सी.वर आला, संचालन जॅक बॅरी यांचें, निर्माते बॅरी व डॅन एन्राइट, आणि खर्च जेरिटॉल या पौष्टिक औषधाचा. याचे नियम नीट समजून घेण्यासारखे आहेत. दोन खेळाडू दोन कोठड्यांत. एकाला दुसऱ्याचें ऐकूं येत नाहीं व त्याचे गुणही कळत नाहींत. विषय जाहीर झाल्यावर एकपासून अकरापर्यंत किती गुणांचा प्रश्न हवा तें खेळाडूनें सांगावयाचें. गुण जितके अधिक तितका प्रश्न कठीण. उत्तर चुकल्यास तितकेच गुण वजा. दोन फेऱ्या झाल्यावर कोणाही एकाला खेळ तेथेंच थांबवितां येई. आपण पुढें आहों कीं मागें हें मात्र त्याला ठाऊक नसे. प्रथम एकवीस करणारा जिंकला. दोघांच्या गुणांतील अंतराला दर गुणामागें पांचशें डॉलर. बरोबरी झाली तर पुढच्या डावाला दर गुणामागें हजार, मग दीड हजार. अर्थात् बरोबरी वारंवार झाल्यास रक्कम डोळे पांढरे होण्याइतकी वाढत जाई.

नियम उत्तम होते. दोष एकच, तो हा कीं माणसांना उत्तरें येत नव्हतीं. पहिला प्रयोग सरळपणानें झाला आणि दोघेही खेळाडू एकामागून एक प्रश्न चुकत गेले. औषधवाले संतापले. असा प्रयोग पुन्हां दिसतां कामा नये असा निरोप आला, आणि तेथून उत्तरें आधीं सांगण्यास सुरुवात झाली.

हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणारा, कॉलेजचा विद्यार्थी. पूर्वीं सैन्यांत नोकरी केलेला, आणि स्मरणशक्ति विलक्षण. त्याला एन्राइटनें प्रश्न व उत्तरें दिलीं. एवढेंच नव्हे तर केस कसे कापावे, अंगाला न बसणारा कोट कोणता घालावा, घाम कसा टिपावा हेंही शिकविलें. कोठडींतील हवा गार करणारें यंत्र बंद ठेवीत, म्हणजे घाम खरा येई. गरिबाचा मुलगा विद्येच्या जोरावर वर चढत आहे असें चित्र लोकांस दाखवावयाचें होतें. कांहीं आठवड्यांनीं लोक कंटाळले असें निर्मात्यास वाटलें, आणि कोलंबिया विद्यापीठांतील इंग्रजीचा तरुण शिक्षक चार्ल्स व्हॅन डोरेन त्याच्यासमोर उभा करण्यांत आला. हा कवि मार्क व्हॅन डोरेन यांचा मुलगा. दिसावयास देखणा, वागावयास विनयशील.

५ डिसेंबर १९५६ च्या प्रयोगांत स्टेम्पेलला असा प्रश्न आला : १९५५ चें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर कोणत्या चित्रपटास मिळालें? उत्तर होतें 'मार्टी'. तो चित्रपट त्याच्या फार आवडीचा होता व त्यानें तो तीन वेळां पाहिलेला होता. परंतु चुकावयाचें असें ठरलेलें होतें. त्यानें 'ऑन द वॉटरफ्रंट' असें उत्तर दिलें, म्हणजे आदल्या वर्षाच्या चित्रपटाचें नांव घेतलें. ज्या माणसाजवळ ज्ञान हीच एक मिळकत, त्याला आपलें अज्ञान देशासमोर दाखवावयास लावणें, यांत जी क्रूरता आहे ती नियमांच्या कोणत्याही कागदांत सांपडणार नाहीं. पुढें त्यानें जें सारें उघड केलें त्यांत पैशाचा राग नव्हता असें नाहीं. पण आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो सांगत राहिला तें 'मार्टी'चेंच दुःख.

व्हॅन डोरेन १९५७ च्या मार्चपर्यंत जिंकत राहिला व १,२९,००० डॉलर घेऊन बाहेर पडला. 'टाइम' साप्ताहिकानें त्याचें चित्र मुखपृष्ठावर छापलें, एन्. बी. सी.नें त्याला नोकरी दिली. स्टेम्पेलच्या सांगण्यावर प्रथम कोणी विश्वास ठेविला नाहीं. १९५८ च्या ऑगस्टांत 'डॉटो' नांवाच्या दुसऱ्या एका खेळांत एका स्पर्धक बाईची वही सांपडली; तींत तिला विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें आधींच लिहिलेलीं होतीं. मग एकेक खेळ पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. चौसष्ट हजारांचा प्रश्नही त्याच वर्षीं बंद पडला. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं व्हॅन डोरेननें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें, आपणास उत्तरें दिलीं जात होतीं, असें कबूल केलें. त्याची विद्यापीठांतील जागा व टेलिव्हिजनवरील नोकरी दोन्ही गेल्या. नवल हें कीं असा खेळ आंतून ठरवून करणें हा तोंवर गुन्हाच नव्हता. शिक्षा झाली ती शपथेवर खोटें बोलल्याबद्दल. १९६० सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अशी लबाडी करणारास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद ठरली.

यानंतर बक्षिसें उतरलीं व नियमांचा काटेकोरपणा वाढला. 'जेपर्डी'ची कल्पना मर्व्ह ग्रिफिन यांच्या पत्नीनें सुचविली असें ते सांगत : उत्तरें दिल्याचा एवढा बोभाटा झाला आहे, तर उत्तरेंच उघड द्यावीं आणि खेळाडूस प्रश्न विचारावयास लावावें. '५,२८०' असें म्हटलें कीं खेळाडूनें म्हणावयाचें, 'एका मैलांत फूट किती?' पहिल्या फेरीचीं बक्षिसें दहा डॉलरांपासून पन्नासांपर्यंत. जुन्या खेळांत तिघेही आपापली मिळकत घरीं नेत. १९८४ च्या नव्या खेळांत मात्र फक्त विजेत्यास रोकड मिळूं लागली, कारण पोटापुरतें मिळालें कीं खेळाडू हात आंखडता घेतो असा अनुभव होता. शौकिनांच्या भांडणांत हा फरक हटकून निघतो. 'व्हील ऑफ फॉर्च्यून' १९७५ चा. त्यांत व्यंजनें फुकट, स्वर मात्र अडीचशें डॉलरांस एक. आपल्या मात्रा-वेलांट्यांना असा भाव लागला असता तर मराठी खेळाडूचें दिवाळें वाजलें असतें. जिंकलेल्या रकमेंत तेथेंच मांडलेला माल घ्यावयाचा असा जुना नियम होता. मोठी वस्तु घेऊन उरलेल्या डॉलरांत चिनी मातीचा ठिपकेवाला कुत्रा घेणें ही अनेकांच्या स्मरणांतली विनोदी जागा आहे.

'लेट्स मेक अ डील' ३० डिसेंबर १९६३ रोजीं सुरू झाला. सौदा करणारे माँटी हॉल. हातांतली वस्तु ठेवावी कीं पडद्यामागची घ्यावी, एवढाच प्रश्न. पडद्यामागें कधीं उंची सामान, कधीं जनावर किंवा मोडकी गाडी निघे. या खेळावरून गणितांतील एक कोडें प्रसिद्ध झालें. तीन दारें, एकामागें मोटार, दोहोंमागें बकऱ्या. तुम्हीं एक दार निवडलें. मोटार कोठें आहे हें जाणणाऱ्या हॉलनें उरलेल्यांपैकीं बकरीचें दार उघडलें. आतां दार बदलावें काय? १९९० सालीं मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनीं बदलावें असें लिहितांच सुमारें दहा हजार पत्रें आलीं, आणि पुष्कळांनीं त्यांनाच चुकीचें ठरविलें. परंतु बरोबर त्याच होत्या. पहिली निवड तीनांत एकदां बरोबर येते; उरलेल्या दोन वेळां मोटार न निवडलेल्या दोन दारांमागें असते, आणि त्यांतलें रिकामें कोणतें तें हॉलनेंच दाखविलेलें असतें. मात्र येथेंही अट नियमाची आहे. हॉलनें दर वेळीं दार उघडलेंच पाहिजे आणि बदलण्याची संधि दिलीच पाहिजे, तरच हा हिशोब जुळतो; प्रत्यक्ष खेळांत असा नियम नव्हता. १९९१ सालीं हॉलनें एका बातमीदारास हें करूनच दाखविलें : निवड चुकीची असली कीं तो लगेच बकरी दाखवी, आणि बरोबर असली तरच बदलण्याचा मोह घाली.

नियमांकडे सर्वांत बारकाईनें पाहिलें तें ओहायोच्या मायकेल लार्सन यानें. 'प्रेस युअर लक' या खेळांत अठरा चौकोनांवर दिवा भराभर फिरे, आणि कळ दाबली कीं थांबे; खाली पैसे आले तर ठीक, 'व्हॅमी' नांवाचें भूत आलें तर सारें गेलें. दिवा वाटेल तसा फिरतो असें सर्वांस वाटे. लार्सननें घरीं कार्यक्रम टिपून, चित्र थांबवून थांबवून पाहिलें तेव्हां त्याला आढळलें कीं दिव्याच्या फिरण्याचे पांचच ठरीव क्रम आहेत, आणि दोन चौकोनांवर भूत कधींच येत नाहीं. ते क्रम त्यानें पाढ्यांसारखे पाठ केले. १९८४ सालीं तो कळ दाबीत गेला आणि १,१०,२३७ डॉलरांपर्यंत पोहोंचला. सी. बी. एस्.चे अधिकारी आपलेच नियम पुन्हां वाचावयास बसले. निरखून पाहणें व पाठ करणें यांस मनाई करणारें कलम त्यांत कोठेंच नव्हतें, म्हणून त्यांनीं सारी रक्कम चुकती केली आणि दिव्याचे क्रम वाढविले.