निकालाची गर्दी आणि ‘सर्व्हरलेस’चं गणित

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो घरांतून एकाच वेळी बैठक क्रमांक टाकला जातो आणि संकेतस्थळ मान टाकतं. ‘सर्व्हरलेस’ क्लाउडवर अ‍ॅप चढवलं तर हा ताप संपेल का, असं वाचक विचारतात. बऱ्याच अंशी संपेल; पण त्यात एक मेख आहे.

एरवी सर्व्हर भाड्याने घेतला, की कुणी फिरको न फिरको, रात्रंदिवस भाडं चालूच. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही सर्व्हरलेस सेवा आणली आणि हिशेब बदलला. तुम्ही फक्त कोड सोपवायचा. मागणी आली की तो चालतो, आणि जितका वेळ चालला तितकंच बिल. २०२० पासून हे मोजमाप मिलिसेकंदात होतं.

या कल्पनेचं श्रेय मात्र आपण चुकीच्या काळाला देतो. १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी सांगितलं होतं, की टेलिफोनसारखी गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल, आणि वापरेल त्यानेच पैसे भरावेत. संगणक खोलीभर पसरायचे तेव्हाची ही गोष्ट! त्याच वर्षी फर्नांडो कोर्बाटो यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बोलबाल्यात मॅकार्थींचं नाव सतत येतं, पण या द्रष्टेपणाबद्दल कुणी बोलत नाही, याची मला खंत वाटते.

मग मॅकार्थींचं हे स्वप्न प्रत्यक्षात यायला अर्धशतक का लागलं? अनोळखी लोकांचा कोड एकाच यंत्रावर चालवायचा, तर प्रत्येकाला भक्कम भिंत हवी आणि ती क्षणात उभी राहायला हवी. २०१८ मध्ये खुलं झालेलं ‘फायरक्रॅकर’ हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. साधारण १२५ मिलिसेकंदांत एक चिमुकलं आभासी यंत्र सुरू होतं, आणि त्याचा स्वतःचा भार पाच मेगाबाइटपेक्षाही कमी! आत तुमचा कोड चालतो. काम थंडावलं की यंत्र मोडीत निघतं. म्हणूनच त्याच्या डिस्कवर साठवलेला फोटो दुसऱ्या दिवशी सापडत नाही, आणि बऱ्याच वेळाने येणाऱ्या पहिल्या पाहुण्याला थोडं ताटकळावं लागतं.

आता ती मेख. गर्दी वाढली की कोडच्या प्रती आपोआप वाढतात. लॅम्डावर एका खात्याला एकाच वेळी १००० प्रतींची मुभा सहसा असते. पण निकाल ज्या डेटाबेसमध्ये आहे, तो आपोआप वाढत नाही. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ मांडणीत १०० जोडण्याच स्वीकारतो. हजार प्रती त्याच्यावर तुटून पडल्या, की संकेतस्थळ पुन्हा बसणार.

अखंड चालणाऱ्या कामाला ही पद्धत महागही पडते. खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये सांगितलं, की चित्र-ध्वनीच्या दर्जावर देखरेख ठेवणारी यंत्रणा सर्व्हरलेस तुकड्यांतून काढून एका प्रक्रियेत आणल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांनी घटला.

तेव्हा अधूनमधून उसळणाऱ्या गर्दीसाठी सर्व्हरलेस जरूर वापरा; मात्र आधी डेटाबेसची कुवत तपासा आणि खर्चाची सूचना देणारी सोय चालू करा. निकाल तर एकदा लागला की बदलत नाही. प्रत्येकाचं पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवलं, तर डेटाबेसला हात लावायची गरजच उरत नाही.