जुन्या मोटारीचे ड्रिफ्ट व ट्रॅक मोटारीत रूपांतर

जुन्या मोटारीचे ड्रिफ्ट व ट्रॅक मोटारीत रूपांतर म्हणजे रस्त्यावर वापरून झालेली मोटारगाडी घेऊन तिचा सांगाडा, यंत्रणा व अंतर्भाग यांत बदल करणे आणि ती बंदिस्त धावमार्गावर वेगाने अथवा नियंत्रितपणे घसरत चालविण्यायोग्य बनविणे. अमेरिका व जपान या देशांत हा छंद अनेक दशकांपासून रूढ आहे. भारतात अमेरिकी 'मसल कार' अत्यल्प असल्याने तिची जागा प्रामुख्याने हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसा या गाडीने घेतली. या रूपांतरातील जवळजवळ प्रत्येक टप्पा गाडीला धावमार्गासाठी अधिक योग्य आणि सार्वजनिक रस्त्यासाठी अधिक अयोग्य बनवितो. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वीच गाडीचे भवितव्य ठरवावे लागते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या शहरात कारागिरी सहज मिळते, पण मोटार शर्यतींचा कायम धावमार्ग नाही. तेथे या निर्णयाला विशेष महत्त्व येते.

संज्ञा

मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दरवाजांच्या गाडीत आठ सिलिंडरचे शक्तिशाली इंजिन बसविलेल्या अमेरिकी मोटारीस 'मसल कार' म्हणतात. १९६४ साली आलेली पाँटियाक जीटीओ ही या प्रकारातील प्रातिनिधिक गाडी मानली जाते. प्रदूषणविषयक नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे सत्तरच्या दशकात हा प्रकार मागे पडला.

वळणावर मागील टायरांची पकड हेतुपुरस्सर सोडवून, गाडी तिरकी घसरत असतानाही तिच्यावर ताबा राखण्याच्या कौशल्यास 'ड्रिफ्टिंग' म्हणतात. सत्तरच्या दशकात जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने हे तंत्र धावमार्गावर वापरले. केइची त्सुचिया याने ते डोंगरी घाटरस्त्यांवर आत्मसात करून लोकप्रिय केले. पुढे 'डी१ ग्रां प्री' या स्पर्धेमुळे त्यास स्वतंत्र क्रीडाप्रकाराचे स्वरूप आले. अशा स्पर्धेत केवळ वेळ मोजली जात नाही. घसरण्याचा कोन, वेग आणि ठरलेल्या रेषेचे पालन यांवर परीक्षक गुण देतात.

घसरण्यामागील तत्त्व

टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. वेग वाढविणे, वेग कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या एकाच पकडीतून भागवावी लागतात. एका कामासाठी अधिक पकड खर्च झाली, तर उरलेल्यांसाठी ती कमी पडते. वळण घेत असतानाच मागील चाकांवर इंजिनाचा जोर वाढविला किंवा हँडब्रेकने ती क्षणभर रोखली, तर त्यांची बाजूची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जातो. अशा वेळी चालक पुढील चाके घसरण्याच्या दिशेने, म्हणजे वळणाच्या उलट बाजूस फिरवितो आणि ॲक्सिलरेटरने घसरण कायम राखतो.

म्हणूनच ड्रिफ्टिंगसाठी मागील चाकांना गती देणारी गाडी लागते. पुढील चाकांना गती देणाऱ्या गाडीत हँडब्रेकने मागचा भाग घसरविता येतो, पण इंजिनाच्या जोरावर ती घसरण टिकविता येत नाही.

गाडीची निवड

मारुती ८०० या गाडीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर भारतातील लहान मोटारी हळूहळू पुढील चाकांच्या चालनाकडे वळल्या. त्यामुळे मागील चाकांना गती देणाऱ्या स्वस्त भारतीय मोटारी बहुतांशी जुन्या पिढीतील आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे:

काँटेसा: हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिचे उत्पादन केले. मूळ रचना व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीची होती. आरंभी तीत अँबॅसडरचेच १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते आणि गाडीच्या आकारमानाच्या मानाने ते दुबळे ठरले. पुढे आलेल्या 'काँटेसा क्लासिक'मध्ये इसुझू कंपनीचे १,८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन व पाच गतींची गिअरपेटी मिळाली. लांब बॉनेट आणि रुंद बांधा यांमुळे तिला 'भारतीय मसल कार' म्हटले जाते. मात्र हे साधर्म्य रूपाचे आहे, शक्तीचे नव्हे.

प्रीमियर ११८ एनई: वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ही गाडी आणली. सांगाडा फियाट १२४ या गाडीचा आणि इंजिन निस्सान कंपनीचे १,१७१ घनसेंटिमीटरचे होते. काँटेसापेक्षा ती लहान व हलकी आहे.

प्रीमियर पद्मिनी व अँबॅसडर: दोन्ही गाड्या मागील चाकांना गती देणाऱ्या आहेत. पद्मिनी मुंबईत कुर्ला येथे तयार होत असे आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी परिचित झाली.

इंजिन लहान असले म्हणून ड्रिफ्टिंग अशक्य होत नाही. त्सुचियाशी निगडित असलेल्या टोयोटा एई८६ या प्रसिद्ध गाडीचे इंजिन १,५८७ घनसेंटिमीटरचेच होते. शक्ती कमी असल्यास मागे अरुंद टायर लावणे, ओल्या पृष्ठभागावर सराव करणे आणि गाडीचे वजन घटविणे हे मार्ग अवलंबिले जातात.

रूपांतराचे टप्पे

सांगाडा. प्रथम आसने, गालिचे, दरवाजांचे अस्तर व ध्वनिरोधक थर काढून गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली जाते. त्यामुळे वजन घटते, आणि लपलेला गंजही दिसतो. जुन्या गाडीत दरवाजांखालील पट्ट्या, चाकांच्या कमानी, फरशी आणि सस्पेन्शन जोडण्याच्या जागा प्रथम सडतात. वर लांबी भरून रंग दिलेला पत्रा बाहेरून धड दिसतो, पण आतून पोकळ झालेला असू शकतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय पुढील काम करणे धोक्याचे असते, कारण यापुढे बसविलेला प्रत्येक भाग त्याच पत्र्यावर भार टाकणार असतो.

संरक्षक पिंजरा. गाडी उलटल्यास छत चेपू नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा (रोल केज) बसवितात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार त्यासाठी सांधारहित, थंड स्थितीत ओढलेल्या पोलादी नळ्या लागतात. मुख्य कमानीची नळी किमान ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची असावी लागते. जिन्याच्या कठड्यासाठी वापरली जाणारी सांध्याची नळी दिसायला सारखी असली, तरी आघाताच्या वेळी ती सांध्यावर उकलू शकते.

इंजिन व शीतकरण. धावमार्गावर इंजिन दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालते. त्यामुळे शक्ती वाढविण्याआधी मोठा रेडिएटर, नवे होज पाइप आणि तेल थंड करणारी व्यवस्था यांकडे लक्ष द्यावे लागते. अधिक शक्तीचे दुसरे इंजिन बसविल्यास गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्ट, मागील धुरा व ब्रेक हे सर्व त्या शक्तीस पुरे पडतील असे बदलावे लागतात. एवढ्याच कारणाने अनेक प्रकल्प अर्धवट राहतात.

डिफरन्शियल. वळणावर बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते आणि ते डिफरन्शियलमुळे शक्य होते. परंतु जोरदार वळणावर आतील चाकावरचा भार हलका होऊन ते जागीच फिरते आणि इंजिनाची शक्ती वाया जाते. यावर 'लिमिटेड स्लिप डिफरन्शियल' हा महाग उपाय आहे. स्वस्त उपाय म्हणून डिफरन्शियलमधील दाती वेल्डिंगने एकमेकांस जखडतात. त्यामुळे दोन्ही मागील चाके सदैव एकाच गतीने फिरतात. ड्रिफ्टिंगसाठी हे सोयीचे ठरते. मात्र नेहमीच्या रस्त्यावर प्रत्येक वळणावर टायर फरफटतात आणि धुऱ्यावर ताण येतो.

स्टिअरिंग, सस्पेन्शन व ब्रेक. घसरत्या गाडीवर ताबा राखण्यासाठी पुढील चाके नेहमीपेक्षा अधिक कोनात वळावी लागतात. त्यासाठी स्टिअरिंगच्या भुजांमध्ये फेरफार केले जातात. स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर अधिक ताठ बसवितात. मागील चाके क्षणात रोखता यावीत म्हणून द्रवदाबावर चालणारा स्वतंत्र हँडब्रेक जोडतात.

चालकाची सुरक्षा. एकसंध आसन, पाच किंवा सहा बिंदूंचा पट्टा, हेल्मेट, अग्निशामक आणि सर्व विद्युतप्रवाह एकदम तोडणारी कळ ही सामग्री आवश्यक समजली जाते. खर्च वाचविताना बहुधा हीच सामग्री अखेरीस ढकलली जाते. वास्तविक गतिवर्धक भागांच्या आधी तिची तरतूद करणे इष्ट असते.

ट्रॅक मोटार व ड्रिफ्ट मोटार यांतील फरक

ट्रॅक मोटारीचे उद्दिष्ट चारही टायरांची पकड अखेरपर्यंत टिकवून फेरी कमीत कमी वेळात पूर्ण करणे हे असते. ड्रिफ्ट मोटारीत पुढील चाकांना भरपूर पकड हवी असते, तर मागील पकड ठरवून मोडता यावी लागते. जखडलेले डिफरन्शियल ट्रॅक मोटारीस वळणात अडथळा करते आणि ट्रॅक मोटारीचे चिकट टायर कमी शक्तीच्या ड्रिफ्ट मोटारीस घसरू देत नाहीत. एकच गाडी दोन्ही कामांसाठी वापरता येते. मात्र टायर व सस्पेन्शनची मांडणी प्रत्येक वेळी बदलावी लागते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसविण्यासारखे बदल विहित पद्धतीने करता येतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ ठाम केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत अथवा वेगाची चाचणी करणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. काँटेसाचे उत्पादन २००२ मध्येच थांबल्याने रस्त्यावरील प्रत्येक काँटेसा आज या नूतनीकरणाच्या कक्षेत येते. फेरफार केलेली गाडी त्या तपासणीत अडते. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विमापत्रातून आयोजित शर्यती व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ही बाबही मालकाच्या ध्यानात असावी लागते.

कायद्याइतकेच महत्त्व शारीरिक धोक्यास आहे. रोल केज हेल्मेट घातलेल्या व पट्ट्याने जखडलेल्या चालकासाठी असतो. तीच गाडी रस्त्यावर हेल्मेटविना चालविल्यास किरकोळ धडकेतही डोके पोलादी नळीवर आदळून गंभीर इजा होऊ शकते. म्हणजे धावमार्गावर जीव वाचविणारा भाग रस्त्यावर घातक ठरतो.

वसई-विरारमधील परिस्थिती

वसई तालुक्यातील वाहने एमएच-४८ या क्रमांकाने नोंदविली जातात. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे व सातिवली या औद्योगिक भागांत लघुउद्योग मोठ्या संख्येने आहेत. लेथ, वेल्डिंग, पत्राकाम अशी रूपांतरास लागणारी कारागिरी अशा भागांत उपलब्ध असते. जुने सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात शोधले जातात. पश्चिमेकडे अर्नाळा ते भुईगाव या किनारपट्टीवर खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे जुन्या गाडीचा पत्रा लवकर गंजतो. त्यामुळे येथे वापरलेली गाडी घेताना खालून तपासणे अगत्याचे असते.

खरी अडचण गाडी चालवायची कोठे, ही असते. देशातील प्रमुख धावमार्ग दूर आहेत. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे तिन्ही वसईपासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण त्या ड्रिफ्टिंगच्या उपयोगाच्या नाहीत. रूपांतरित गाडी स्वतःच्या चाकांवर तेथवर नेता येत नाही. ती वाहक ट्रकवरून न्यावी लागते. हा वाहतूक खर्च आरंभीच्या हिशेबात धरला नाही, तर तयार गाडी वापराविना पडून राहते. मग शहरालगत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ किंवा रात्रीचे मोकळे रस्ते यांचा मोह होतो. त्या रस्त्यांवर पादचारी, दुचाकीस्वार आणि कामावरून परतणारे लोक असतात. धावमार्गावरील चालकाप्रमाणे त्यांनी हा धोका स्वेच्छेने पत्करलेला नसतो.

जतनाचा प्रश्न

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बांधा व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. १९८४ मधील पहिल्या काँटेसा २०३४ मध्ये या वयास पोहोचतील. कापलेली, पिंजरा वेल्ड केलेली वा इंजिन बदललेली गाडी ही संधी गमावते. उत्पादन थांबलेले असल्याने अशा प्रत्येक रूपांतराबरोबर मूळ स्वरूपातील एक गाडी कायमची कमी होते.

म्हणून सुस्थितीतील, कागदपत्रे पूर्ण असलेली गाडी मूळ रूपात जपावी आणि रूपांतरासाठी रस्त्यावर परतण्याची शक्यता नसलेली गाडी निवडावी, असा विचार मांडला जातो. अशी गाडी वापरास कायमची अयोग्य झाल्यास अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मालकाने तसे नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते व तिची नोंदणी रद्द होते. त्यानंतर ती गाडी केवळ धावमार्गाची राहते.

हेही पाहा

हिंदुस्तान काँटेसा
प्रीमियर पद्मिनी
मोटार वाहन अधिनियम, १९८८
बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट